सागवानाआधी लोखंड

शामला टेकाडेची पीएचडी नेमकी कशात आहे, हे तिच्या घरी कुणालाही धड सांगता येत नाही. नवरा अंकुश सीताबर्डीला मोबाइलच्या कव्हरांचं दुकान चालवतो. कुणी विचारलंच, तर तो "गणितात" एवढं बोलून मोकळा होतो. सासू यमुताईंचं तसं नाही. "लाकडाचं गणित करून राहिली ते," असं त्या शेजारणींना ठणकावून सांगतात, "आता लाकडात कायचं गणित असते, थे तिले आन् तिच्या सरले माहीत." गंमत अशी की विद्यापीठातले निम्मे लोक विषयाचं लांबलचक नाव घेऊन जे सांगतील, त्याहून यमुताईंचं सांगणं खऱ्याच्या जास्त जवळ आहे.

नाव आहे 'असमदैशिक प्रतलीय स्थितिस्थापकतेतील मिश्र सीमामूल्य प्रश्नांची उकल'. नावाला घाबरायचं कारण नाही. शामलाचं माहेर सावनेरचं, आणि तिच्या वडिलांची, दादाजींची, तिथे लाकूड चिरायची आरा मशीन होती. लहानपणी शाळेतून आली की ती भुशाच्या ढिगावर बसून लाकूड चिरताना पाहायची. सागवानाच्या फळीत रेषांच्या बाजूने पाचर ठोकली की फळी उभी फाटते. तीच पाचर आडवी ठोका, फळी ढिम्म हलत नाही. लोखंडाचं असं नसतं, ते सगळ्या बाजूंनी सारखंच. लाकडाला दिशा असते. 'असमदैशिक' म्हणजे एवढंच, आणि ते शामलाला आठव्या वर्षीच कळलेलं होतं.

आता मिश्र सीमा. समजा, फळीच्या एका कडेचा अर्धा भाग भिंतीत पक्का चिणलाय आणि उरलेला अर्धा मोकळा आहे. चिणलेल्या भागाबद्दल आपल्याला माहीत असतं की तो हलणार नाही, पण त्याच्यावर जोर किती येतो ते माहीत नसतं. मोकळ्या भागाचं नेमकं उलटं, त्याच्यावर जोर किती ते माहीत आणि तो किती हलेल ते माहीत नाही. अशा अर्ध्यामुर्ध्या माहितीवरून अख्ख्या फळीच्या पोटात काय चाललंय ते सांगायचं. खरी मारामारी होते ती चिणलेला भाग संपून मोकळा सुरू होतो त्या ठिकाणी. तिथे जसजसं जवळ जावं तसतसा ताण बेफाम वाढत जातो, आणि वाढता वाढता हेलकावे खातो. हे हेलकावे किती दाट, ते एका छोट्याशा आकड्यावर ठरतं. शामलाचं पाचवं प्रकरण म्हणजे तो आकडा काढायची रीत. बाकीची प्रकरणं त्याच्या आगेमागे उभी केलेली होती.

तिचे मार्गदर्शक डॉ. गिरिधर देवपुजारी, राहणार महाल या जुन्या वस्तीत. ऐंशी पार केलेले, डोळ्यांनी जवळजवळ अधू झालेले, पण शिस्तीला पक्के. त्यांच्या हाताखाली ज्याने म्हणून काम केलं, त्याला एक नियम पाळावाच लागला. नवीन सूत्र हाती आलं की आधी त्यात लोखंड टाकायचं. म्हणजे, सूत्र लाकडासाठी काढलेलं असलं, तरी पहिल्यांदा त्यात लोखंडाचे आकडे घालून पाहायचे. लोखंडाची उत्तरं जुन्या लोकांनी काढून ठेवलेली आहेत. तुमचं नवं सूत्र जुनं उत्तर देत असेल तर पुढे जा, नसेल तर तिथेच थांबा. सरांचा फोन आला की 'हॅलो'च्या आधी "लोखंड टाकलंस का?" हाच प्रश्न यायचा. पहिल्या वर्षी यमुताईंना वाटलं, सून गुपचूप कुठेतरी घर बांधतेय आणि स्लॅबचं चाललंय. त्यांनी दोन दिवस अबोला धरला होता.

शामलाने लोखंड टाकलं होतं. एकदा नाही, इतक्यांदा की हिशेब राहिला नव्हता. सरांच्या स्वतःच्या जुन्या प्रबंधात लोखंडासारख्या, सगळ्या बाजूंनी सारख्या वस्तूंचं सूत्र होतं, आणि त्यात लोखंड घातलं की येणारा आकडा सरांना तोंडपाठ होता. पॉइंट झिरो नाइन फोर. शामलाच्या सूत्रातून येत होता पॉइंट वन वन सिक्स. फार लांब नाही, पण गणितात जवळचा आकडा हा चुकीचाच आकडा असतो. तिने सूत्र पुन्हा पहिल्यापासून मांडलं, वेगळ्या रीतीने मांडलं. लोखंडाच्या जागी पितळ टाकलं, अ‍ॅल्युमिनियम टाकलं. प्रत्येक वेळी तिचा आकडा सरांच्या आकड्यापेक्षा थोडा मोठा निघायचा, आणि दर वेळी ती चूक आपल्याच कामात शोधायची. सरांच्या आकड्याकडे संशयाने पाहावं, हे तिच्या मनात चुकूनही आलं नाही. आपल्याकडे गुरूच्या आकड्याला कुणी हात लावत नाही, पायांना लावतात.

अशी वर्षं गेली. सावनेरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं, बसने जायचं-यायचं, सासूच्या गुडघ्यांना तेल चोळायचं, आणि उरलेल्या वेळात न जुळणाऱ्या आकड्यापुढे बसायचं. मुदत दोनदा वाढवून झाली होती. आता विद्यापीठाने कळवलं की महिनाअखेर प्रबंध आला तर आला, नाहीतर नोंदणी रद्द. पन्नाशीला टेकलेल्या बाईला पुन्हा नव्याने नोंदणी करण्याचं बळ कुठून येणार? हे तिला माहीत होतं, आणि कळवणाऱ्यांनाही माहीत असावं.

कॉलेजातला तिचा सहकारी डॉ. सौरव मोहोड हा मनाने चांगला मुलगा. त्याने स्टाफरूममध्ये चहा पिता पिता सरळ रस्ता दाखवला.

"मॅडम, इतकं टेन्शन काहून घेऊन राहिल्या तुम्ही? ते लोखंडवालं पान काढूनच टाका ना."

"आन् कोणी विचारलं तर?"

"कोणी नाही विचारत जी. सागवानाचं काम आहे, सागवानाचंच सूत्र दाखवा. परीक्षक बाहेरून येते, जेवते, निघून जाते."

"सर सही नाही करणार, सौरव सर."

"त्यांना दिसतच कुठं आता? तुम्ही जे वाचून दाखवाल, तेच ऐकतील ना ते."

बोलून गेल्यावर सौरवलाच ते जड गेलं असावं, कारण त्याने पटकन कप धुवायला नेला. शामला मात्र ते वाक्य बसमधून घरापर्यंत घेऊन आली. खोटं कशाला बोला, तिचं मन त्या रात्री डळमळलं. एक पान वाचायचं नाही, बस. सरांना कळणार नाही. पण मग डोळ्यांपुढे आले सर, मान एका बाजूला कलती ठेवून ऐकणारे, एकेक चिन्ह मनात मांडणारे. त्यांना न दिसण्याचा फायदा घ्यायचा, या विचाराची तिला किळस आली. रविवारी महालात जायचं आणि सरांना सांगून टाकायचं की मी थांबते, असं तिने ठरवलं. ठरवल्यावर हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही, उलट रडू आलं.

रविवारी सकाळी निघायच्या आधी यमुताईंच्या तेलाची बाटली आडवी आली. जुनी काचेची बाटली, तिचं बूच झिजून झिजून आदल्या आठवड्यात तुकडे होऊन आत पडलेलं. शामलाने कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून दोन बुचं मागून आणली होती, एक रबराचं आणि एक साधं, झाडाच्या सालीचं. रबराचं मजबूत म्हणून तिने आधी ते लावायला घेतलं. ते अर्ध्यात अडकलं. तिने अंगठ्याने जोर दिला, मग तळहाताने. जितकं वरून दाबावं, तितकं ते बाजूने फुगून बाटलीच्या तोंडाला आणखी घट्ट धरून बसायचं.

"शामला वं, तेल लावून देतं का मी असीच बसली राहू?" आतून यमुताई ओरडल्या. "गुडघा म्हणते, मी आज उठतच नाही!"

"आली आई, बूच बसून नाही राहिलं."

"त दुसरं लाव ना बाप्पा! एकाच बुचाशी काहून भांडून राहिली?"

शामलाने रबराचं बूच उपटून काढलं आणि सालीचं लावलं. वरून दाबलं, तसं ते मुकाट आत गेलं. बाजूने जरादेखील फुगलं नाही. तिने ते पुन्हा काढलं, पुन्हा दाबलं. पुन्हा काढलं. बाटली तशीच ओट्यावर राहिली, तेल राहिलं, आणि यमुताईंचा गुडघाही राहिला.

कुठलीही वस्तू वरून दाबली की ती बाजूंनी थोडी फुगते. रबर खूप फुगतं, लोखंड, पितळ, अ‍ॅल्युमिनियम बेताने फुगतात. सालीचं बूच जवळजवळ फुगतच नाही. शामलाने आजवर सूत्रात जे जे टाकलं होतं, ते सगळं फुगणारं होतं. न फुगणारं काही टाकून पाहायची बुद्धी तिला झालीच नव्हती, कारण बुचाची फळी कोण कशाला करेल?

ती स्वयंपाकघरातच पाटावर बसली आणि वाणसामानाच्या पिशवीच्या पाठीवर आकडे मांडू लागली. फुगणं शून्य. तिच्या सूत्रातून आलं पॉइंट वन सेव्हन फाइव्ह. मग सरांच्या सूत्रात तेच घातलं. पॉइंट वन सेव्हन फाइव्ह. तिने कॅल्क्युलेटरवर पुढचे आकडे काढले. शेवटपर्यंत एकच.

तिने दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. फुगणं नसलं की दोघांचे आकडे जुळतात, फुगणं आलं की फाटतात. म्हणजे भांडण फुगण्यावरून आहे. मग कुठे फुगण्यावरून? आणि तिच्या डोळ्यांपुढे सरांच्या प्रबंधाचं पहिलं पान आलं. सरांचं काम होतं धरणाच्या भिंतीवर. मैलभर लांब, जाडजूड भिंत. तिच्या पोटातल्या काँक्रीटला त्या लांबीच्या दिशेला फुगायला जागाच नसते, दोन्हीकडून शेजारच्या काँक्रीटने दाबून धरलेलं असतं. आणि शामलाची होती फळी. बोटभर जाडीची, दोन्ही अंगं मोकळी, खुशाल फुगा. सरांचं सूत्र जाड वस्तूचं होतं, तिचं पातळ वस्तूचं. दोन्ही बरोबर. फक्त एकमेकांशी ताडून पाहायला नको होती.

जाड आणि पातळ यांतला हा फरक शामला एम.एस्सी.च्या वर्गाला दर जुलैत शिकवते. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न काढते. तिच्या वर्गातल्या कुठल्याही पोराने ही चूक पाच मिनिटांत पकडली असती, पण पोरांना ती पकडायला कुणी सांगितलं होतं? सरांना वाटत राहिलं, पोरीने सगळं नीट पाहिलं असेल. पोरीला वाटत राहिलं, सरांचा आकडा आहे. एकमेकांचा एवढा मान राखला की दोघांपैकी एकानेही "जाडी किती?" असं विचारलं नाही.

ती हसायला लागली आणि हसता हसता डोळे भरून आले. यमुताई भिंतीला धरून धरून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं वं? कोणाचा फोन आला?"

"कोणाचा नाही, आई. जुळलं."

"काय जुळलं?"

"लोखंड."

यमुताईंनी तिच्याकडे, मग बाटलीकडे पाहिलं. "मंग आता तरी तेल लावशीन का?" त्या म्हणाल्या. शामलाने त्यांच्या गुडघ्याला त्या दिवशी जितका वेळ तेल चोळलं, तितका वेळ आजवर कधी चोळलं नव्हतं. यमुताईंनी शेवटी "बस झालं, कातडं निघून राहिलं" म्हणून तिला उठवलं.

महालात शिरेपर्यंत आनंद टिकला. सरांच्या गल्लीत पोचल्यावर मात्र ती रेंगाळायला लागली. चूक सापडली हे खरं, पण ती सांगायची कशी? सर, तुमचा आकडा माझ्या कामाचा नव्हताच, हे ऐंशी वर्षांच्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं? बरं, सांगितलं नाही तर लोखंडाचं पान अर्धवट राहणार. एकदा तिला वाटलं, जुळलं एवढंच सांगावं आणि कसं जुळलं ते गाळावं. लगेच तिला सौरवचा सल्ला आठवला, आणि हेही त्याच जातीचं आहे हे तिला कळलं.

सर वरच्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. पायऱ्यांवरच्या चालीवरून त्यांनी तिला ओळखलं.

"ये शामला. लोखंड टाकलंस?"

"टाकलं, सर. आज बूच टाकलं."

"बूच?" त्यांनी मान कलती केली.

शामलाने सगळं सांगितलं. बाटलीपासून धरणाच्या भिंतीपर्यंत. मधे कुठे थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं. सांगून झाल्यावर तिने पिशवीतून दोन्ही बुचं काढून त्यांच्या हातात ठेवली. सरांनी आधी रबराचं बूच दोन बोटांत धरून दाबलं, मग सालीचं. पुन्हा रबराचं. खालच्या गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"माझी भिंत होती," शेवटी सर म्हणाले, "आणि तुझी फळी."

"हो, सर."

"मी जन्मभर जाड ठोकळ्यांतच राहिलो. तू फळी म्हणायचीस ते ऐकायचो, पण डोक्यात भिंतच असायची." त्यांनी दोन्ही बुचं मुठीत घेतली. "किती वर्षं घालवली मी तुझी, शामला."

"मी विचारलं नाही, सर. विचारायला पाहिजे होतं."

"का नाही विचारलंस?"

शामला खरं तेच बोलली. "तुमचा आकडा होता म्हणून."

"हेच चुकलं," सर म्हणाले. ते रागावले नव्हते, दुखावले होते, आणि तेही जास्त करून स्वतःमुळेच. मग ते खुर्चीत सरळ बसले. "बरं, आता माझ्या सूत्रात जाड काढून पातळ घाल. लोखंड टाक. मोठ्याने कर, मला ऐकू दे."

शामलाने एकेक पायरी मोठ्याने म्हणत आकडे घातले. सर तिच्याबरोबर मनात करत होते. दोनदा ती बोलायच्या आधी त्यांनीच उत्तर सांगितलं. शेवटी आकडा आला आणि तो दोघांनी एकदमच म्हटला, पॉइंट वन वन सिक्स. सर हसले. इतक्या वर्षांत तिने त्यांना तोंडभर हसताना पाहिलं नव्हतं.

"झालं. लोखंड पास. आता सागवान टाक."

शामलाचं पेन कागदावरच थांबलं. खरंच की. सागवान तिने एकदाही टाकलेलं नव्हतं. लोखंड जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियम. तो तिने इतका इमानाने पाळला होता की ज्या फळीसाठी हे सगळं मांडलं, ती फळी सूत्राच्या बाहेरच उभी राहिली होती. सागवान लांबीला किती ताठ, रुंदीला किती, किती फुगतं, किती तिरकं होतं, हे सगळे आकडे तिला पाठ होते. फक्त ते लिहायची वेळ आली नव्हती.

सरांच्या टेबलाशी बसून तिने ते लिहिले. सावनेरचा भुशाचा ढीग, करवतीचा आवाज, दादाजींचे भुसा लागलेले हात, सगळं एकदम तिच्याजवळ येऊन बसलं. काम लांबलं. सरांनी मधे चहा मागवला, तिचा तसाच गार झाला. मग उत्तर आलं. तिने ते दोनदा तपासलं आणि सरांना वाचून दाखवलं.

सर जुन्या सवयीने म्हणाले, "कशाशी पडताळलंस?"

"कशाशी पडताळू, सर?" शामला म्हणाली. "या फळीचा आकडा दुसरीकडे कुठे नाहीच."

हे बोलल्यावर तिला स्वतःलाच ते ऐकू आलं. सरांनाही आलं असावं. त्यांनी हात पुढे करून टेबलावरचा कागद चाचपला आणि त्याची खालची कड बोटाने दाखवली.

"मग इथे तुझं नाव लिही. पुढे जे कोणी हे करतील, त्यांना कोणाशी पडताळायचं ते कळलं पाहिजे."

शामलाने लिहिलं, शामला टेकाडे. अक्षर जरा वाकडं आलं.

"लिहिलंस?"

"हो, सर."

"आता त्याच्या वर लिही, की फळी पातळ आहे," सर म्हणाले. "ठळक लिही. दिसलं पाहिजे."

शामलाने 'फळी पातळ' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं, आणि 'पातळ'च्या खाली दोन रेघा मारल्या.